दूध टाकणारं बाळ आणि औषध थांबवायची तारीख: घणसोलीतलं एक प्रकरण

बाळ मुलगी, पहिलीच. ३८ आठवडे भरल्यावर साधी प्रसूती, जन्मवजन २.९ किलो. माझ्या ऐरोलीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा वय दहा आठवडे. घर घणसोलीच्या माथाडी वसाहतीत. आजोबा वाशीच्या बाजार समितीतून निवृत्त झालेले, आजी मूळच्या पाटण तालुक्यातल्या, वडील खासगी नोकरीत, आई आयटी कंपनीत आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

तक्रार आजींनी सांगितली. "हिच्या पोटात काय ठरतच नाही बघा. पाजलं की गुळणी, पाजलं की गुळणी." आईची काळजी वेगळी होती. नुसती गुळणी असती तर तिने चालवून घेतलं असतं. "आधी भुकेने ओढते, मग दोन मिनिटांत पाठीची कमान करते, मान मागे टाकते आणि रडायला लागते. परत लावलं तर तोंड फिरवते." गेल्या दोनतीन आठवड्यांत हे वाढलं होतं. रात्री बाळ आजींच्या खांद्यावर, आणि आई दुपटी धुण्यात.

सोबत एक कापडी पिशवी होती. तिच्यातून निघालेल्या वस्तूंवरच हे सगळं प्रकरण उभं आहे, म्हणून ती मी टेबलावर रिकामी करायला लावली.

तिसऱ्या आठवड्यापासून सुरू असलेले गॅसचे थेंब: सिमेथिकोन, त्यात शेपू आणि बडीशेपेचं तेल. पाचव्या आठवड्यापासून उलटीचं पातळ औषध, म्हणजे डोमपेरिडोनचं सस्पेन्शन. बाटली तळाला आलेली. सातव्या आठवड्यापासून ॲसिड कमी करणारी लॅन्सोप्राझोलची पाण्यात विरघळणारी १५ मिलिग्रॅमची गोळी. शेजारच्या काकूंनी दिलेलं ग्राइप वॉटर. आणि कालच आणलेली, सील न तुटलेली आणखी एक लहान बाटली. घरी रोज सकाळी बाळगुटी होती ती वेगळी.

चिठ्ठ्या तीन ठिकाणच्या होत्या. प्रसूती झाली तिथले डॉक्टर, जवळचे फॅमिली डॉक्टर, आणि सुट्टीच्या दिवशी जे भेटले ते. एकेक चिठ्ठी स्वतंत्रपणे वाचली तर तिच्यात फार वावगं काही नव्हतं. त्या त्या दिवशी समोर रडणारं बाळ होतं, जागरणाने थकलेली आई होती आणि 'काहीतरी द्या' असा आग्रह होता. पण तिन्ही चिठ्ठ्यांत एक गोष्ट सारखी होती. औषध कधी थांबवायचं, आणि ते लागू पडलं की नाही हे कशावरून ओळखायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एकावर तर नुसतं 'चालू ठेवा' होतं. त्यामुळे पहिल्याने फरक पडला नाही की दुसरं यायचं, आणि पहिलं जायचं नाही.

दोन बाटल्या, एकच नाव

आता ती सीलबंद बाटली. चिठ्ठीत डोमपेरिडोन १ मि.ली. दिवसातून तीन वेळा असं होतं. सस्पेन्शन संपत आलं म्हणून वडील मेडिकलमध्ये गेले. ते सस्पेन्शन दुकानात नव्हतं, म्हणून 'हेच औषध आहे, बाळांचंच आहे' असं सांगून दुकानदाराने ड्रॉप्सची बाटली दिली.

मी दोन्ही बाटल्या आईच्या हातात दिल्या आणि लेबलवरचा बारीक मजकूर वाचायला सांगितला. सस्पेन्शनवर होतं: दर मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. ड्रॉप्सवर: दर मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. आईने दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे टेकली. चिठ्ठीप्रमाणे तिने संध्याकाळी १ मि.ली.च दिलं असतं, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या दहापट. दिवसातून तीनदा.

डोमपेरिडोन जास्त झालं तर लहान बाळ सुस्त पडू शकतं, स्नायू आखडू शकतात, झटके येऊ शकतात, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. इथे सील शाबूत होतं म्हणून हा धोका कागदावर राहिला. बाळाच्या औषधाबाबत 'किती मि.ली.' हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: किती मिलिग्रॅम, आणि या बाटलीत एका मि.ली.त किती? दुकानदाराने बाटली, कंपनी किंवा प्रकार बदलला की हा प्रश्न पुन्हा विचारायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत झाकण उघडायचं नाही. व्हिटॅमिन डी सारख्या साध्या थेंबांतही असा फरक असतो; काहींच्या एका मि.ली.त ४०० युनिट, काहींच्या ८००.

खरं तर या बाळाला ते औषध द्यायचं कारणच मला दिसलं नाही. बाळांच्या रिफ्लक्समध्ये, म्हणजे जठरातलं दूध आणि ॲसिड वर अन्ननलिकेत येण्यात, डोमपेरिडोनचा उपयोग होतो याला भक्कम आधार नाही. युरोपात २०१४ साली हृदयावरच्या परिणामांमुळे त्याच्या वापरावर मर्यादा आल्या. २०१९ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकाने मळमळ-उलटीसाठीसुद्धा १२ वर्षांखालच्या मुलांत ते वापरू नये असं ठरवलं, कारण खोट्या औषधापेक्षा (प्लासिबो, म्हणजे दिसायला तसंच पण आत औषध नसलेलं) त्याचा जास्त गुण आला नव्हता. आपल्याकडे मात्र ते अजून सहज लिहिलं जातं आणि त्याहून सहज विकलं जातं. मला हे मनापासून खटकतं.

सहाणेवरची गोळी

मी विचारलं, "लॅन्सोप्राझोल कसं देता?"

आजी म्हणाल्या, "गुटी उगाळते त्याच सहाणेवर. अर्धी गोळी उगाळायची, आईचं दूध घालायचं आणि चमच्याने पाजायची."

पहिल्यांदा पाव गोळी होती. फरक पडेना म्हणून पुढच्या भेटीत अर्धी झाली. तरीही पडेना.

पडणार कसा? या जातीची औषधं ॲसिड तयार होणं थांबवतात, पण स्वतः ॲसिडमध्ये टिकत नाहीत. म्हणून गोळीच्या आत बारीक कण असतात आणि प्रत्येक कणावर ॲसिडपासून वाचवणारं आवरण असतं. गोळी पाण्यात टाकली की ती विरते, पण कण तसेच राहतात, जठरातून पुढे जातात आणि आतड्यात शोषले जातात. सहाणेवर उगाळलं की आवरणच चिरडतं. मग औषधाचा मोठा भाग बाळाच्या जठरातच निकामी होतो. गेले तीन आठवडे या बाळाला औषध 'चालू' होतं, पण ते किती पोचत होतं हे सांगणं अवघड होतं. त्यावरून मात्रा मात्र दुप्पट झाली होती.

आजींनी काळजीनेच केलं. नातवंडांना गुटी त्यांनीच उगाळून वाढवलं होतं. गोळी उगाळायची नाही हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. लिहून देणाऱ्याने 'अर्धी गोळी रोज' एवढंच लिहिलं आणि दुकानदाराने तेवढंच वाचून दाखवलं. पाच शब्द जास्त लागले असते: विरघळवा, उगाळू नका, दुधात नको.

गुलाबी कार्ड

औषधांआधी माझं लक्ष जायला हवं ते वजनाकडे. आईने माता-बाल संरक्षण कार्ड आणलं होतं. मुलींच्या वाढीचा तक्ता त्यात गुलाबी असतो. सहाव्या आठवड्यात नागरी आरोग्य केंद्रात लस घेतली तेव्हाचं वजन ४ किलो होतं. छान होतं. माझ्या काट्यावर दहाव्या आठवड्यात भरलं ४.४. म्हणजे चार आठवड्यांत ४०० ग्रॅम, दिवसाला जेमतेम १४. या वयात रोज २५ ते ३० ग्रॅमची अपेक्षा असते.

हा आकडा नसता तर मी या आईला वेगळं सांगितलं असतं. गुळणी टाकणारं, पण हसरं आणि भराभर वाढणारं बाळ आजारी नसतं. अन्ननलिका आखूड, तिच्या खालची झडप अजून सैल, आहार सगळा पातळ आणि दिवसाचा बराच वेळ आडवं पडून. अशात दूध वर येणारच. निम्म्याहून जास्त बाळांचं येतं, चौथ्या महिन्याच्या आसपास सर्वात जास्त येतं, आणि वर्षाच्या आत बहुतेकांचं आपोआप थांबतं. अशा बाळाला लाळेरं हवं, औषध नको. पण इथे वजनाची रेघ खाली वळली होती, आणि ती बरोब्बर सहाव्या आठवड्यानंतर वळली होती. काय बदललं होतं तेव्हा?

आधी धोक्याच्या खुणा तपासल्या. हिरवी उलटी कधी झाली नव्हती. झाली असती तर मी त्या क्षणी मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं, कारण आतड्याला पीळ पडल्याची ती खूण असू शकते. उलटीत रक्त नव्हतं. दूध जोराने दूर फेकलं जात नव्हतं. तरी तीन ते सहा आठवड्यांच्या वयात जठराचं तोंड जाड होऊन अडथळा येतो, त्यासाठी केलेली सोनोग्राफी त्यांच्याकडे होती आणि ती नॉर्मल होती. टाळू सपाट, ताप नाही, पोट मऊ. लघवीची तपासणी आणि कल्चर (जंतू वाढतात का हे पाहणं) मी पाठवलं, कारण या वयात लघवीचा जंतुसंसर्ग नुसत्या उलट्या आणि खुंटलेलं वजन एवढ्यावरच दिसू शकतो. तेही स्वच्छ आलं.

मग घरातला दिवस तासातासाने विचारला. इथे वेळ द्यावा लागतो आणि तो दिला की बहुतेक वेळा काहीतरी हाती लागतं.

सातव्या आठवड्यात 'अंगावरचं दूध हिला पचत नाही' असं कुणीतरी म्हणालं आणि पावडरचं दूध सुरू झालं. संध्याकाळी एक बाटली, रात्री एक. डब्यावर एका सपाट चमच्याला ३० मि.ली. पाणी असं होतं. आई एका चमच्याला ६० घालत होती. "पातळ केलं तर हलकं जाईल असं वाटलं." पोट भरत होतं, अंगी लागत नव्हतं. शिवाय 'आधीचं पचू दे' म्हणून दोन पाजण्यांतलं अंतर चार तासांवर गेलं होतं. त्यामुळे भुकेलं बाळ एकदम भरपूर ओढायचं, आणि ते वर यायचं.

मालिशवाल्या मावशी सकाळी दहाला यायच्या. पोटभर पाजून बाळ त्यांच्या पायावर द्यायचं, कारण उपाशी बाळ रडतं. मालिश, पालथं, आंघोळ, आणि लगेच घट्ट गुंडाळून झोळीत. झोळीत बाळाची छाती पोटावर दुमडली जाते.

शेवटी नीट पाहिलेली गोष्ट लंगोटात होती. सकाळची शी दाखवायला आणली होती. त्यात शेंबडासारखा चिकट भाग आणि त्यावर लाल धागा, केसाएवढा बारीक. आईला वाटलं होतं जोर केल्यामुळे असेल. गालांवर खरखरीत लाली होती. 'कधीपासून' विचारल्यावर तिने मोबाइलमधले फोटो मागे मागे नेले: सातव्या आठवड्याआधी गाल स्वच्छ.

पावडरचं दूध गायीच्या दुधाचंच असतं. आणि आईच्या आहारात काय होतं? अळिवाची खीर दुधात, शतावरी कल्प दुधात, जेवणात दही, रात्री हळद घालून एक पेला. बाळंतिणीला प्रेमाने खाऊ घालायचं तर हेच. गायीच्या दुधातल्या प्रथिनांचा अंश आईच्या दुधातूनही बाळापर्यंत जातो. बहुसंख्य बाळांना त्याने काहीही होत नाही, म्हणून प्रत्येक गुळणीला आईचं दूधदही तोडणं चूक आहे. पण शीमध्ये रक्त, गालांवर पुरळ, पिताना रडणं आणि थांबलेलं वजन हे एकत्र आल्यावर गायीच्या दुधाच्या ॲलर्जीचा विचार करावाच लागतो. रिफ्लक्सची आणि तिची लक्षणं एकमेकींत इतकी मिसळतात, की सध्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनासुद्धा ॲसिडचं औषध देण्याआधी दोन ते चार आठवडे गायीचं दूध बंद करून पाहा असंच सांगतात.

काय थांबवलं, काय सुरू केलं

डोमपेरिडोन बंद. ग्राइप वॉटर बंद. गुटी बंद, सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, आणि सहाण कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही. सिमेथिकोन बंद, ते तसं निरुपद्रवी आहे, पण रडण्यावर त्याचा गुण सिद्ध झालेला नाही, आणि पिशवी हलकी करणं हाही उपचाराचा भाग होता. लॅन्सोप्राझोलही बंद.

एक औषध मात्र परत सुरू केलं. रोजचे व्हिटॅमिन डीचे ४०० युनिट जन्मानंतर लिहून दिले होते. 'इतकी औषधं झाली' म्हणून घरच्यांनी नेमकं तेवढंच थांबवलं होतं.

पावडर बंद, अंगावर दर दोन ते अडीच तासांनी किंवा मागेल तेव्हा. आईचं दूध पुरेल का ही धास्ती होती. समोर बसवून पाजायला लावलं. बाळ फक्त निपलवर लागत होतं, ते खोलवर कसं लावायचं हे आमच्या सिस्टरनी दाखवलं. पाजून झाल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धरायचं. झोप मात्र पाठीवर, सपाट, उशीशिवाय. गुळणी घशात जाईल म्हणून पालथं किंवा उतरतं झोपवणारे बरेच असतात. निरोगी बाळ पाठीवर असताना गुळणी सांभाळू शकतं, आणि पालथ्या झोपेत अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो. मालिश पाजण्याआधी.

आईच्या खाण्यातलं दूधदही चार आठवडे बंद, पनीर, मिल्क बिस्किटं आणि तूपसुद्धा, कारण तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो. यावर आजींचा चेहरा उतरला. "बाळंतिणीला तूप नको? मग कंबर कशी भरणार तिची?" अळीव मी बंद केलाच नव्हता. नारळ आणि गूळ घालून अळिवाचे लाडू होतातच, त्यात दूध लागत नाही. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, शेंगदाण्याचं तेल सढळ, आणि कॅल्शियमची गोळी मी लिहून दिली. आजी जाताना म्हणाल्या, "तेवढं करते मी." आणि त्यांनी ते काटेकोर केलं.

वडील थोडे अस्वस्थ होते. "म्हणजे मॅडम, औषध काहीच नाही?" त्यांना मी एक अभ्यास सांगितला, कारण ते आकड्यांनी समजणारे होते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रिफ्लक्सची लक्षणं असलेल्या १६२ बाळांपैकी निम्म्यांना लॅन्सोप्राझोल आणि निम्म्यांना दिसायला तसंच खोटं औषध चार आठवडे दिलं होतं. दोन्ही गटांत ५४ टक्के बाळांना बरं वाटलं. अगदी सारखं. गंभीर त्रास मात्र लॅन्सोप्राझोलच्या गटात १० बाळांना झाला आणि दुसऱ्या गटात २. त्यात फुप्फुसाचा संसर्ग विशेष होता. ॲसिड नुसतं जळजळ करायला नसतं, ते जंतूही मारतं. "रॅनिटिडिन तरी?" त्यांनी विचारलं, भावाच्या मुलाला दिलं होतं म्हणे. कर्करोगकारक अंश सापडल्यावर अमेरिकेने ते एप्रिल २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही २०२२ मध्ये ते गेलं.

ते गप्प झाले, पण पटलं होतं असं मी म्हणणार नाही. रात्री तीन वाजता बाळ किंचाळत असताना ५४ टक्के आठवत नाहीत, हे मला मान्य आहे.

पुढचे आठवडे

तीन दिवसांनी वजन घेतलं, मग दर आठवड्याला, त्याच काट्यावर आणि बिनकपड्यांचं. अकराव्या आठवड्यात ४.६ ओलांडलं. चौदाव्यात ५.२ किलो. शीमधलं रक्त दहाबारा दिवसांत दिसेनासं झालं, गाल हळूहळू साफ झाले. गुळण्या होत्या तशाच होत्या, आणि त्या तशा राहतील हे आधीच सांगून ठेवलं होतं.

चार आठवड्यांनी आईला सलग तीन दिवस एक वाटी दही खायला सांगितलं. हे करायला कुणीही तयार नसतं. बरं चाललंय तर कशाला? पण हे केलं नाही तर ॲलर्जी होती की वेळेने बरं वाटलं हे कधीच कळत नाही, आणि आई वर्षभर उगाच दुधाविना राहते. तिसऱ्या दिवशी शीमध्ये लाल धागा परत आला. दही बंद, पाच दिवसांत धागा गेला. निदान पक्कं झालं.

राहिलं होतं ते पिताना रडणं. कमी झालं होतं, संपलं नव्हतं. मी आजींना एक वही करायला लावली होती: प्रत्येक पाजणीला एक उभी रेघ, रडून अर्ध्यावर सोडली तर रेघेवर आडवी काट. त्यांना लिहायला फारसं येत नव्हतं, पण त्या वहीइतका प्रामाणिक कागद या सगळ्या फाइलमध्ये दुसरा नव्हता. सुरुवातीला दहातल्या सहा रेघा काटलेल्या, पंधराव्या आठवड्यात चार. बाळ ५.३ किलो. ठाण्यातल्या बालपोटविकार तज्ज्ञांना दाखवलं. त्यांचं मत पडलं, की गायीचं दूध बंद करूनही पाजणी तुटते आहे तर ॲसिडचं औषध एकदा नीट देऊन बघावं: चार आठवडे, आणि मग बंद.

मी सहमत झाले. आधीच्या तीन चिठ्ठ्यांत आणि या चिठ्ठीत फरक होता. हिच्यावर प्रश्न लिहिलेला होता (काटलेल्या रेघा कमी होतात का?) आणि शेवटच्या डोसाचा वार-तारीख लिहिलेली होती.

औषध इसोमेप्राझोल, १० मिलिग्रॅमची पुडी, बाळाला रोज ५ मिलिग्रॅम. ही मात्रा या बाळाच्या वजनाची आणि तज्ज्ञांनी ठरवलेली आहे. दुसऱ्या बाळाला इथून उचलून देऊ नये. द्यायची पद्धत मात्र सांगण्यासारखी आहे, कारण चुका तिथेच होतात. पुडी १५ मि.ली. साध्या पाण्यात सोडायची, दुधात नाही. ढवळून दोनतीन मिनिटं थांबायचं. पाणी किंचित दाट होतं आणि कण तरंगत राहतात. परत एकदा ढवळून सुई नसलेल्या सिरिंजने लगेच ७.५ मि.ली. ओढायचं. थांबलं तर कण तळाला बसतात आणि बाळाला नुसतं पाणी जातं. कण चिरडायचे नाहीत. बाळाला अर्धवट बसतं धरून सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवायचं, थोडं सोडायचं, गिळू द्यायचं, परत थोडं. सरळ घशावर सोडलं की ठसका लागतो. पाण्यात घातल्यापासून अर्ध्या तासात संपवायचं, उरलेलं फेकायचं. संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. वेळ पाजण्याच्या अर्धा तास आधीची. दर दोन तासांनी पिणाऱ्या बाळात ही वेळ सापडणं कठीण, म्हणून पहाटेच्या लांब झोपेनंतरची पहिली पाजणी धरली. पहिला डोस आईने माझ्यासमोर दिला. औषध लगेच थुंकलं तर काय, हेही ठरवून ठेवलं: त्या दिवशी परत द्यायचं नाही, वहीत लिहायचं.

दोन आठवड्यांनी काटलेल्या रेघा दोनवर आल्या. घरात आनंद झाला. मी वही मागे उलटली. औषध सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यांतही त्या सहावरून चारवर आलेल्या होत्याच. तो उतार तसाच पुढे आला होता की औषधाने वेग धरला, हे एका बाळाच्या वहीवरून ठरत नाही, आणि मी ते तसंच सांगितलं.

खरी ओढाताण तारीख जवळ आली तेव्हा झाली. सव्वीस आठवड्यांच्या रजेतले काही आठवडे प्रसूतीआधीच गेले होते, आणि आई कामावर रुजू होणार ती तारीख औषध संपल्यावर बाराच दिवसांनी होती. वडील म्हणाले, "मॅडम, ही ऑफिसला जाऊन बसेपर्यंत राहू द्या ना. चाललंय तर कशाला छेडायचं?" आजींनाही तेच वाटत होतं. विचार समजण्यासारखा होता. पण नेमक्या अशाच कारणांनी चार आठवड्यांचं औषध आठ महिने चालतं. मी उलट बाजूने मांडलं: थांबवल्यावर त्रास वाढलाच तर आई घरी असतानाच वाढलेला बरा. आईने निर्णय घेतला. "ठरलंय त्या रविवारी बंद करू."

बंद केल्यावर पहिले तीनचार दिवस रेघा परत चारवर गेल्या. ही औषधं थांबवली की ॲसिड काही दिवस उसळी मारतं, याची कल्पना दिली होती. दिलेली नसती तर चौथ्या दिवशी पुडी परत उघडली असती. आठवड्याअखेर दोन, पुढच्या आठवड्यात एक. एकोणिसाव्या आठवड्यात वजन ६ किलो.

आई कामावर गेली तेव्हा बाळ जवळपास पाच महिन्यांचं होतं. आजी वाटी-चमच्याने काढलेलं दूध पाजतात. फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधावर तारीख-वेळ लिहायची सवय आईने लावली आहे. गुळण्या अजून आहेत, दिवसातून चारपाच. सहा महिने झाले की भाताची पेज, नाचणी, वरण सुरू होईल, सगळं दुधाशिवाय. आईच्या खाण्यातलं दूध-दही आणि बाळाच्या वाट्याचं गायीचं दूध नवव्या महिन्यानंतर, आधी भाजलेल्या पदार्थातून थोडंथोडं आणि माझ्या समोर. तोवर शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, सलग दोन आठवडे न हललेलं वजन, किंवा सहा तासांत ओला न झालेला लंगोट यांपैकी काहीही दिसलं तर फोनवर औषध विचारायचं नाही, बाळ घेऊन यायचं. हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे, आणि आजींना वाचून दाखवलं आहे.